न विचारता सांगितलेली खोड

बैल आंधळा आहे की नाही हे बघायचं असेल, तर त्याच्या डोळ्यासमोर पंजा हलवू नका. नवखा माणूस हमखास हेच करतो. पंजाचा वारा पापणीला लागतो आणि ठार आंधळा बैलसुद्धा डोळा मिटतो. गिऱ्हाईक खूश होऊन कासरा हातात घेतं, आणि घरी गेल्यावर बैल गव्हाणीवर धडकतो. एकच बोट घ्यायचं, बाजूनं, सावकाश, वारा न करता पुढं न्यायचं. दिसत असेल तर बैल बोटाच्या आधी मान वळवतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. दोन शेळ्यांवर सुरुवात केली, तीन वेळा फसलो, आणि चौथ्या वेळेपासून लोक मला घाबरायला लागले. बीड जिल्ह्यातल्या जनावरांच्या बाजारांत मी तीस वर्षं हेडीपणा केला. हेडी म्हणजे गुरांची खरेदी-विक्री करणारा. दात बघून वय सांगायचं, खूर बघून चाल सांगायची, खांद्यावरचा घट्टा बघून बैल कामाचा की नुसता खाण्याचा ते सांगायचं. माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. सौदा मोडला तरी चालेल पण आवाज खाली येत नाही, असं माझ्याबद्दल पाटोद्याच्या बाजारात बोलतात. खरं आहे.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दस्तीखाली बोलतात. दस्ती म्हणजे मोठा रुमाल. घेणारा आणि देणारा हातावर दस्ती टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. तोंडानं मात्र दोघंही भलतंच बोलत असतात. "घरच्या गाईचं खोंड हाय हो, लेकरासारखं वाढवलंय," असं म्हणताना हात खाली वेगळंच सांगतो.

दुसरा नियम खोडीचा. विचारलं तर खोटं बोलायचं नाही. बैल मारका आहे का, कामात बसतो का, असं कुणी विचारलं तर खरं सांगायचं. पण विचारलं नाही, तर आपण होऊन सांगायचं नाही. बघणं हे घेणाऱ्याचं काम. हा नियम मी दगडूला शिकवला. दगडू माझ्याच वयाचा, अठरा वर्षं आम्ही भागीत धंदा केला, मग वेगळे झालो. वेगळे झालो तरी बाजारात शेजारी शेजारीच उभे राहायचो.

हा नियम न पाळणारा एकच माणूस मला भेटला. चकलांब्याचे एक धनगर म्हातारे, मारुतीबाबा. ते बैल विकायला आणत आणि गिऱ्हाईक जवळ येण्याआधीच खोडी मोजून दाखवत. "हा पाण्यात शिरत न्हाई. ह्याला कुत्रं चालत न्हाई. उन्हाळ्यात खांदा सुजतो." मी एकदा चिडून म्हणालो, "बाबा, इकायला आलाव का न्यायला आलाव?" ते म्हणाले, "आरं, घरातलं जनावर दुसऱ्याच्या दारात बांधायचंय. न सांगता कसं बांधू?" मी त्यांना येडा म्हणालो होतो. तोंडावर.

आता माझ्या खोडीकडे येतो.

ती कानापासून सुरू झाली. उजव्या कानाला फोन लावला की समोरचा माणूस पिंपातून बोलतोय असं वाटायचं. मी दुसऱ्यांवरच ओरडायचो, "नीट बोला की, तोंडात काय घास हाय का?" कानात रात्रंदिवस रातकिडा ओरडल्यासारखा आवाज. एका डॉक्टरनं मळ आहे म्हणून थेंब दिले. एक वर्ष मी ते थेंब घातले. मग चालताना तोल जायला लागला. मोकळ्या मैदानात मी सरळ चालतोय असं मला वाटायचं आणि उजवीकडे बांधलेल्या म्हशीच्या अंगावर जायचो. बाजारात कुजबुज झाली. रंगनाथ प्यायला लागलाय. मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पण ओरडून ओरडून हे सांगणारा माणूस जास्तच प्यालेला वाटतो.

आणि मग डोळे.

दात बघायला मी वाकायचो. बैलाचा ओठ वर करून दात मोजले की उठायचो. उठताना डोळ्यांवर राख पसरल्यासारखं व्हायचं. काळं नाही, राखेचं. बैल, माणसं, झाडं सगळं राखेत बुडायचं. पाच-सहा सेकंदांत परत लख्ख. पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, ऊन लागलं. पंधरा दिवसांत दिवसातून दहा वेळा व्हायला लागलं. दर वेळी मी बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहायचो आणि मनात आकडे मोजायचो. एक, दोन, तीन. आता येईल. चार, पाच. येईल ना? सहा. आलं.

कुणाला सांगितलं नाही. कमललासुद्धा नाही, म्हणजे माझ्या बायकोला. हेड्याचं भांडवल त्याचे डोळे. ते जातायत हे कळलं तर उद्या माझ्याकडे कोण येईल? गंमत अशी, की त्या थांबण्याचा धंद्यात फायदाच झाला. दात बघून मी वशिंडावर हात ठेवून गप्प उभा राहायचो, तर विकणाऱ्याला वाटायचं, ह्याला काहीतरी खोड दिसली. दोन जणांनी मी काही न बोलता भाव उतरवला. पण मी आतून घामाघूम असायचो. रोज सकाळी उठलो की आधी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायचो. वाचता आली की मग खाट सोडायचो. सकाळचं डोकंही असं दुखायचं की उलटी यायची. बीडला जाऊन दोनदा चष्मा बदलला. चष्मेवाला म्हणाला, नंबर फारसा वाढलेला नाही. मग राख कुठून येते, हे त्याला विचारायचं मला धाडस झालं नाही.

अशात एका बाजाराला दगडूनं एक बैल उभा केला होता. तांबडा, चार दाती, छाती भरलेली. मला तो हवाच होता. मी उजव्या बाजूनं फिरून आलो, खूर पाहिले, खांदा पाहिला. मग दात बघायला वाकलो, उठलो, आणि राख आली. मी मोजायला लागलो. सहा झाले. आठ झाले. दहा झाले तरी राख हटेना. समोर दगडू उभा आहे एवढं त्याच्या आवाजावरून कळत होतं. डावी बाजू अजून पाहायची होती. पण आंधळ्यासारखा चाचपडत गेलो असतो तर सगळ्या बाजाराला कळलं असतं. म्हणून मी खिशातून दस्ती काढली. दस्तीखाली डोळे लागत नाहीत. बोटं धरली, सोडली, परत धरली. सौदा झाला तेव्हा राख हटली होती. कासरा माझ्या हातात होता.

संध्याकाळी कमल त्याला कडबा टाकायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आवं, ह्याच्या डाव्या डोळ्यात फूल हाय की!"

फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. डोळ्याला मार लागला, काही टोचलं, की तिथं पांढरं पडतं. दहा पावलांवरून दिसणारी गोष्ट. तीस वर्षांत मी अशी चूक केली नव्हती.

दुसऱ्या बाजाराला मी दगडूला चहाच्या टपरीसमोर गाठला. शंभर माणसांत त्याची गचांडी धरली.

"आंधळा बैल गळ्यात मारतोस?"

तो शांत म्हणाला, "इचारलंस का बे?"

"डोळ्यात फूल हाय हे दिसत होतं तुला!"

"मला दिसत होतं. तुला बी दिसत असंल असं वाटलं. तीस वर्सं लोकांचे बैल बघतोस. मला काय ठावं, तू डोळे झाकून बघतोस म्हणून?"

टपरी हसली. त्या दिवसापासून माझं नाव 'फूलवाला' पडलं. बैलापेक्षा मला एकच गोष्ट खात होती. मी दहा सेकंद दगडूसमोर उभा होतो. डोळे उघडे, नजर कुठंच नाही. अठरा वर्षं ज्यानं माझा चेहरा वाचला, त्याला ते दिसलं नसेल? ह्यावर माझा आजही विश्वास नाही.

कमल मात्र हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली. "बैलाचा डोळा तुमाला दिसला न्हाई. तुमाला. खरं सांगा, काय होतंय?" तिनं विचारलं, म्हणून सांगितलं. सगळं. राख, आकडे, कॅलेंडर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं तिनं मला बीडला नेलं. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

डॉक्टरीण तरुण होती. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मी बहुतेक सगळी वाचली. मला वाटलं, सुटलो. मग तिनं डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बसवलं, आणि उजेडाचं यंत्र लावून आत पाहिलं. बराच वेळ. माणूस गप्प राहून बघायला लागला की काय समजायचं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

तिनं विचारलं, "काका, उजव्या कानानं कमी ऐकू येतं का?"

मी उडालो. कानाबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो. "तुमाला कसं कळलं?"

"मी काही विचारलं की तुम्ही डावा कान पुढे करता."

मग तिनं कापसाची बारीक वात केली. "समोर भिंतीकडं बघा." वात बाजूनं, सावकाश, वारा न करता आली. मला हसू आलं. आमचीच रीत. डाव्या डोळ्याला वात लागली आणि डोळा पटकन मिटला. मग तिनं हात खाली घेतला. मी म्हणालो, "उजवा राहिला."

"झाला," ती म्हणाली. "दोनदा लावली. तुम्ही डोळा मिटला नाहीत."

माझं हसू तिथंच गेलं.

एमआरआय त्याच दिवशी झाला. तिनं आम्हाला समजावलं ते मी जसं समजलो तसं सांगतो. कानाकडून मेंदूकडे एक नस जाते, ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. त्या नसेच्या आवरणावर गाठ वाढली होती, लिंबाएवढी. कॅन्सर नव्हे, पसरणारी नव्हे, वर्षानुवर्षं सावकाश वाढणारी. पण जागा अडचणीची. चेहऱ्याचा आणि बुबुळाचा स्पर्श कळवणारी नस शेजारीच असते, ती दाबली गेली होती. शिवाय मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडली होती. चारीत दगड पडला की पाणी मागं तुंबतं, तसं. त्या तुंबलेल्या पाण्याचा दाब डोळ्यांच्या नसांवर येऊन त्या मागच्या बाजूनं सुजल्या होत्या. राख ती होती. चष्म्यानं ती कशी जाणार?

"किती दिवस हातात आहेत?" मी विचारलं.

"गाठीला वेळ आहे. डोळ्यांना नाही," ती म्हणाली. "सूज अशीच राहिली तर नजर जाईल, आणि गेलेली परत आणता येत नाही."

पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी सर्जन आले. मी सौद्याला बसलो. सवयच.

"कान घ्या. डोळे सोडा."

ते म्हणाले, "कान गेलाच आहे, रंगनाथराव. दाब उतरला की डोळ्यांची सूज उतरेल, मागच्या नसा वाचतील असं दिसतंय. माझी काळजी वेगळी आहे. चेहरा हलवणारी नस गाठीवर कातड्यासारखी ताणलेली असते. ती दुखावली तर उजवा डोळा मिटणार नाही. त्या डोळ्याला आधीच काही जाणवत नाही. न मिटणारा आणि न जाणवणारा डोळा लवकर खराब होतो."

"डोळा मिटता राहायची आशा दहातली किती?"

त्यांनी कमलकडे पाहिलं. बोलायला तयार होईनात. मी उशीखालची दस्ती काढली, त्यांच्या हातावर टाकली आणि माझा हात खाली घातला. "एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. हिला कळायचं न्हाई."

सर्जन आधी हसले. मग त्यांनी माझा पंजा धरला. आता दुसराही धरतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी त्यातलं एक बोट सोडून दिलं.

चार.

ते गेल्यावर कमलनं विचारलं, "किती धरली?"

"आठ," मी म्हणालो.

ऑपरेशन दिवसभर चाललं म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की शुद्धीवर आल्यावर समोर घड्याळ होतं आणि त्याचे काटे मला दिसत होते. उठून बसवलं तरी दिसत होते. राख आली नाही. मी दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. नाही आली. मी रडलो, आणि तेव्हा कळलं की मी एकाच डोळ्यानं रडतोय. उजवा कोरडा होता, उघडा होता. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. कमल आरसा देत नव्हती. मी ओरडून तो घेतला. अर्धा चेहरा रागावलेला, अर्धा गप्प. सौद्याला तो अर्धा बरा, काहीच कळू देत नाही.

पापणी बाहेरच्या कोपऱ्यात टाके घालून थोडी शिवली. दर तासाला थेंब, झोपताना मलम आणि चिकटपट्टी, बाहेर पडताना बाजूनं बंद असलेला गॉगल. हे सगळं मला तीन-तीनदा सांगून पाठवलं होतं. तरी सहाव्या आठवड्यात मी बाजारात गेलो, आणि गॉगल खिशात ठेवला. गॉगल घातलेला हेडी म्हणजे डोळे लपवणारा हेडी, असं लोक म्हणतील, ही माझी अक्कल. कमल नको म्हणत होती. तिच्यावरही ओरडलो.

वारं होतं. कडब्याच्या गाड्या खाली होत होत्या. लोक विचारपूस करत होते, मी उत्तरं देत होतो, मला अगदी बरं वाटत होतं. तेवढ्यात दगडू समोर आला. आमचं बोलणं बंद होतं. तो पुढं जाता जाता थांबला. मागं आला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय बघतोस?" मी म्हणालो. "फूल शोधतोस का?"

तो आणखी जवळ आला. एक बोट वर केलं आणि बाजूनं, सावकाश, माझ्या उजव्या डोळ्याकडे आणलं. मी त्याचा हात झटकला.

"रंगा," तो म्हणाला, "तुझ्या डोळ्यात कुसळ हाय. बुबुळावर. आन् तू डोळा बी मिटंना."

"काय न्हाई. मला काय बी होत न्हाई."

"तेच म्हणतोय की बे! कुसळ रुतलंय आन् तुला काय बी होत न्हाई!"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ पाहण्याची म्हण आपण टोमणा मारायला वापरतो. त्या दिवशी मला ती तशी वापरता आली नाही. दगडूनं आपली दोन जनावरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडली, मला जीपमध्ये घातलं, आणि बीडपर्यंत माझे दोन्ही हात धरून बसला, डोळा चोळू नये म्हणून. मी वाटभर त्याला शिव्या दिल्या. भीती वाटली की मला शिव्याच सुचतात. शिव्या देता देता मी डावा डोळा मिटून उजव्यानं रस्त्याकडेचे खांब मोजत होतो. खांब धुकट दिसत होते.

डॉक्टरणीनं कुसळ काढलं. खाली जखम झाली होती. ती माझ्यावर चिडली, आणि मी पहिल्यांदाच कुणाचं तरी चिडणं मुकाट्यानं ऐकून घेतलं. "आणखी दोन दिवस तसंच राहिलं असतं तर हा डोळा मी वाचवू शकले नसते," ती म्हणाली.

बाहेर बाकावर बसलो असताना मी दगडूला विचारलं, "मग त्या दिवशी कावून बोलला न्हाईस? बैलाच्या येळी?"

"त्या दिवशी तू गिऱ्हाईक होतास."

"आन् आज?"

"आज जनावर हायस. मुक्या जनावराला डोळ्यात काय गेलं ते सांगता येतं का?"

कमल तोवर एसटीनं पोहोचली होती. ती दगडूकडे बघून हसली आणि मग माझ्याकडे बघून रडली. तिथंच मी तिला सांगून टाकलं, की ते आठ नव्हते, चार होते. ती म्हणाली, "ठावं हाय. डाक्टरांना मी दुसऱ्या दिवशीच इचारलं होतं."

जखम भरली. तिथं एक बारीक पांढरा डाग राहिला. माझ्या डोळ्यात आता फूल आहे, उजव्या. त्या डोळ्यानं माणूस आहे एवढं दिसतं, कोण आहे ते दिसत नाही. डाव्याचं बरं आहे, कडेची नजर थोडी कमी झाली आहे. अजूनही वाकून उठलो की मन आपोआप आकडे मोजायला लागतं. दर सहा महिन्यांनी एमआरआय असतो, त्याच्या आधीचा आठवडा घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.

तो तांबडा बैल मी विकला नाही. जोडीत त्याला उजवीकडे जुंपतो. डाव्या डोळ्याच्या बाजूला जोडीदार आला की त्याला त्या बाजूची भीती राहत नाही, सरळ चालतो. धंदा मी कमी केला आहे, पण लोक जनावर दाखवायला आणतात. गॉगल घालतो. बघण्याआधी मी त्यांना सांगतो, "माझ्या उजव्या डोळ्यात फूल हाय, उजवा कान गेलेला हाय. त्या बाजूनं तुमी बघून घ्या." कुणी विचारत नाही, तरी सांगतो. मारुतीबाबा आता नाहीत, नाही तर त्यांना जाऊन सांगितलं असतं.

दगडू बाजारात माझ्या उजवीकडे उभा राहतो. मी त्याला सांगितलेलं नाही. त्या बाजूनं एखादं जनावर उधळलं, की तो मला खांद्यानं ढकलतो. माझा राग गेलेला नाही. दहा सेकंद तो माझ्यासमोर उभा होता, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि त्यालाही विसरू देणार नाही. त्या बाजूला उभा राहून तो अधूनमधून काहीतरी पुटपुटतो. मला ऐकू येत नाही हे त्याला पक्कं माहीत आहे.

परवा त्याचे ओठ हलताना दिसले, म्हणून मी डावा कान फिरवून विचारलं, "काय म्हणलास?"

"काय न्हाई," तो म्हणाला आणि बैलाच्या खुरांकडे बघायला लागला.

विचारलं तर सांगायचं, हा आमचा नियम. त्यानं तो मोडला असं मी तिथंच ओरडून म्हणणार होतो. पण कमलनं विचारल्यावर मी सांगितलेले आठ आठवले, आणि तोंडानं निघत नाही ते बोटांनी तरी सांगेल म्हणून दस्ती काढून मी त्याच्यापुढं हात केला.